वारस पोरगी: डॉ. रखमाबाईंच्या घरातलं भांडण

दुपारची भांडी आवरून झाली असतील, कुणी निवडायला बसली असेल, कुणी रानातच रेडिओ कानाशी धरला असेल. जिथं असाल तिथं निवांत ऐका. आज दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात माझ्याच घरापासून करते.

मी नववीत होते. दिवाळीला आत्या माहेरी आली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घरातले सगळे तालुक्याला गेले. संध्याकाळी आत्या आली ती नवी साडी घेऊन. आम्हा पोरींना वाटलं, ओवाळणीची साडी. नंतर कळलं की आत्यानं त्या दिवशी हक्कसोडपत्रावर सही केली होती. जमिनीतला तिचा वाटा तिनं भावाला सोडला होता. आजी म्हणाली, "पोरीनं नाव ठेवलं. भावाशी वाटा मागणारी बहीण माहेराला मुकते." सगळ्यांना हे बरोबरच वाटलं. मलाही वाटलं.

हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. पोरीच्या नावावर काही आलं की घरात कली शिरतो, प्रेम आटतं, हेवेदावे सुरू होतात, असं म्हणतात. म्हणून पोरीनं हात आखडावा. हे कितपत खरं आहे, ते एका वारस पोरीच्या गोष्टीतून बघू. तिच्या मालमत्तेवरून खरंच भांडण झालं. इतकं झालं की मुंबईच्या हायकोर्टापासून विलायतेपर्यंत गाजलं. त्या पोरीचं नाव रखमाबाई.

रखमाबाईचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. घर सुतार समाजाचं. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. जयंतीबाईचं लग्न झालं चौदाव्या वर्षी, पंधराव्या वर्षी ती आई झाली आणि सतराव्या वर्षी विधवा. मांडीवर अडीच वर्षांची पोर. आपल्याकडं अकरावी-बारावीला जाणारी मुलगी असते ना, तेवढीच ती.

जनार्दन पांडुरंग मागं बऱ्यापैकी मालमत्ता ठेवून गेले होते. पंचवीस हजारांच्या आसपास तिची किंमत सांगितली जाते. त्या काळचे पंचवीस हजार म्हणजे केवढी मोठी रक्कम, ते ध्यानात घ्या.

सुतार समाजात विधवेचा पाट लावायची चाल होती. सहा वर्षांनी जयंतीबाईनं दुसरं लग्न केलं, डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी. ते बिजवर होते, नावाजलेले डॉक्टर होते, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे. झाडपाल्याचे मोठे जाणकार. मुंबईत १८८३ साली निसर्गाचा अभ्यास करणारी जी मोठी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते.

आता इथं एक बारकावा आहे, नीट ऐका. १८५६ सालचा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण शाळेत शिकलो. विधवेला लग्नाची मोकळीक मिळाली, एवढंच शिकवलं. पण त्याच कायद्यात दुसरं कलमही होतं. विधवेनं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला. म्हणजे नवा संसार हवा तर जुन्या घरातून रिकाम्या हातानं निघायचं.

जयंतीबाईनं काय केलं? लग्नाआधी ती सगळी मालमत्ता लेकीच्या नावावर केली. तेव्हा रखमाबाई होती साडेआठ वर्षांची. आई नव्या घरी निघाली, पण बापाचं ते लेकीच्या पदरात टाकून निघाली. अशी साडेआठ वर्षांची पोर वारस झाली.

सावत्र बाप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काहीतरी वेगळंच येतं. पण सखाराम अर्जुनांनी या पोरीला जीव लावला. तरीसुद्धा अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. शिकल्या-सवरल्या डॉक्टरच्या घरातसुद्धा त्या काळी ते टळलं नाही. नवरा मुलगा दादाजी भिकाजी, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, एकोणीस-वीस वर्षांचा, परिस्थितीनं गरीब. ठरलं असं की तो घरजावई म्हणून राहील, सासरे त्याला शिकवतील, हाताशी येईल.

काही महिन्यांतच मुलीला न्हाण आलं. त्या काळच्या रिवाजानं लगेच गर्भाधान व्हायचं. सखाराम अर्जुन डॉक्टर होते. कोवळ्या वयातल्या बाळंतपणानं पोरींची काय दशा होते, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. ते म्हणाले, इतक्यात नाही. दादाजीला ते रुचलं नाही. शाळा-अभ्यासही रुचला नाही. वीस वर्षांच्या गड्यानं पोरांच्या वर्गात बसायचं, याची त्याला लाज वाटत असेल तर तेही समजण्यासारखं आहे. त्याची आई वारली आणि तो मामाकडं, नारायण धुरमाजींकडं राहायला गेला.

या मामाच्या घराविषयी रखमाबाईच्या बाजूनं जे सांगितलं गेलं ते असं. मामानं घरात दुसरी बाई आणून ठेवलेली. लग्नाची बायको सवतीच्या जाचानं इतकी पिचली की तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. दादाजी तिथं आळसात पडला, आजारी पडला, कर्जात बुडाला. आणि या घरात रखमाबाईला नांदायला बोलावत होते. बारा वर्षांच्या पोरीनं तेव्हाच सांगितलं, मी तिकडं जायची नाही.

वर्षं जात राहिली. रखमाबाई आईच्या घरी राहिली. शाळा सुटलेली, पण वाचन सुटलं नाही. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणवून घरीच वाचायची, इंग्रजीसुद्धा शिकली. सखाराम अर्जुनांकडं सुधारक मंडळींची ऊठबस होती, त्यांचं बोलणं कानावर पडायचं. प्रार्थना समाजाच्या, आर्य महिला समाजाच्या बैठकींना आईबरोबर जायची. आपण महिन्याच्या बैठकीला सतरंजीवर बसतो ना, तसंच. चार बाया एकत्र बसल्या की डोक्यात नवं काही येतंच.

आणि मग १८८४ साल उजाडलं. दादाजीनं माणसं पाठवली, बायकोला पाठवा म्हणून. रखमाबाई गेली नाही. त्यानं वकिलामार्फत नोटीस धाडली आणि मुंबई हायकोर्टात दावा लावला. माझी बायको माझ्या ताब्यात द्या, असा. लग्नाला आठ-नऊ वर्षं झालेली, पण दोघं एक दिवसही एका छपराखाली नवरा-बायको म्हणून राहिलेले नव्हते. ती एकोणीस वर्षांची होती. खटला उभा राहायच्या आत, एप्रिल १८८५ मध्ये, पाठीशी असलेले सखाराम अर्जुन वारले.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांच्यापुढं खटला चालला. त्यांनी निकाल रखमाबाईच्या बाजूनं दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जाणत्या माणसांनी आपखुशीनं लग्न केलं आणि मग एकानं घर सोडलं, तर हा कायदा लागू होईल. इथं पोर अजाण होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं. अशा बाईला नावडत्या माणसाकडं जबरदस्तीनं धाडणं हा क्रूरपणा आहे.

आणखी एक गंमत बघा. हा दावा धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. बायकोला कोर्टामार्फत ओढून आणायची ही रीत विलायतेतल्या चर्चच्या न्यायालयांतून आपल्याकडं आली होती. आणि ज्या १८८४ साली दादाजीनं दावा लावला, त्याच साली खुद्द विलायतेत या कारणावरून तुरुंगात टाकायची शिक्षा रद्द झाली. आपल्याकडं ती तशीच राहिली.

पण निकालानं मोहोळ उठलं. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'नं निकालावर कडाडून टीका केली. इंग्रज न्यायाधीशाला हिंदू धर्माचं मर्म कळलं नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडं पारशी सुधारक बेहरामजी मलबारी रखमाबाईच्या बाजूनं लिहीत होते. टिळकांनी देशासाठी केवढं सोसलं ते आपण विसरत नाही. पण या एका बाबतीत ते त्या पोरीच्या विरुद्ध उभे होते, हेही लपवायचं कारण नाही.

त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त एका 'हिंदू स्त्री'ची पत्रं छापून आली. बालविवाहानं मुलींचं शिक्षण कसं तुटतं, विधवांचे हाल कसे होतात, हे त्यात लिहिलं होतं. लिहिणारी रखमाबाईच होती. स्वतःवर खटला चालू असताना ती सगळ्याच पोरींविषयी लिहीत होती.

दादाजीनं अपील केलं. १८८६ मध्ये वरच्या न्यायाधीशांनी पिन्ही यांचा निकाल फिरवला. खटला पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फरान यांनी हुकूम दिला: महिनाभरात नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

रखमाबाई म्हणाली, मी तुरुंगात जाईन, पण त्या घरात जाणार नाही.

तो काळ आठवा. आपल्या आनंदीबाई जोशी त्याच्या आदल्याच महिन्यात, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात वारल्या होत्या. त्यांचा नवरा शिक म्हणून मागं लागला होता आणि त्या अमेरिकेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या होत्या. इथं दुसरी एक बावीस वर्षांची बाई कोर्टात उभं राहून मी जात नाही म्हणत होती.

आता त्या मालमत्तेकडं वळू. कारण सगळं बोलणं फिरून तिथंच येत होतं.

दादाजीनं १८८७ मध्ये आपली बाजू छापून काढली. त्याचं म्हणणं, पोरगी वाईट नाही, तिच्या आईनं आणि आजोबांनी तिला फितवलं. ती माझ्या घरी आली तर मालमत्ता त्यांच्या हातून जाईल, ही त्यांना भीती. रखमाबाईनं वर्तमानपत्रातूनच उत्तर दिलं. तिच्या बाजूचं म्हणणं नेमकं उलटं. मामाची आणि कर्जबाजारी नवऱ्याची नजर बायकोवर नाही, तिच्या नावावरच्या मालमत्तेवर आहे.

म्हणजे दोन्हीकडचे म्हणत होते, समोरचा पैशासाठी करतोय. तिला हे पटत नाही, तिला तिथं जायचं नाही, हे कारण पुरेसं आहे असं फार थोड्यांना वाटलं. बाईनं नाही म्हटलं की तिला कुणीतरी पढवलंय, असंच लोक धरून चालतात. आपल्याकडंही बघा ना. लेकीनं वाटा मागितला तर जावयानं शिकवलं, सुनेनं काही मागितलं तर तिच्या माहेरच्यांनी कान भरले. तिला स्वतःचं डोकं आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

मला या गोष्टीतून जे उमगलं ते सांगते. मालमत्तेमुळं भांडण झालं, हे नाकारता येत नाही. नावावर काही नसतं तर कदाचित दादाजीनं एवढी वर्षं पिच्छा पुरवला नसता. पण नावावर काही नसतं, तर रखमाबाई बारा वर्षांची असतानाच मामाच्या घरी पोचली असती. कुणाच्या जिवावर माहेरी बसलीस, असं तिला कुणी म्हणू शकत नव्हतं. ती बापाचं खात होती, आईनं वेळेवर तिच्या नावावर केलेलं खात होती. माणसांचा आधार होता, सुधारकांनी मदतही उभी केली. पण मुळात नाही म्हणायला पायाखाली जी जमीन लागते, ती आईनं तिला साडेआठाव्या वर्षीच देऊन ठेवली होती.

आणि हेवा? हेवा आधीपासूनच त्या घरांत होता. मालमत्तेनं तो फक्त उघडा पाडला. मामाच्या घरातली ती बायको आठवा, सवतीपायी जीव द्यायला निघालेली. तिला जायला दुसरी जागा असती तर तिच्यावर ती वेळ आली असती का?

पुढं काय झालं ते ऐका. रखमाबाई तुरुंगात गेली नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीनं खर्चापोटी दोन हजार रुपये घेतले आणि दावा सोडला. बायकोवरच्या हक्काचा एवढा गजर झाला, तो दोन हजारांवर मिटला. दुसऱ्या वर्षी दादाजीनं दुसरं लग्न केलं. पुरुषाला तेव्हा ती मुभा होती. रखमाबाईला नव्हती.

इथून पुढं मी तिला अहो-जाहो म्हणणार आहे. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं, हितचिंतकांनी निधी जमवला. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या, तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. पुढं राजकोटला गेल्या. पस्तीसएक वर्षं त्यांनी बायकांची बाळंतपणं केली, आजार बघितले. ज्या कोवळ्या बाळंतपणापासून सावत्र वडिलांनी त्यांना वाचवलं होतं, त्यातून आलेल्या किती पोरी त्यांच्या हाताखालून गेल्या असतील!

१९०४ मध्ये दादाजी वारला. बातमी कळल्यावर डॉ. रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. ऐकून चमकलात ना? मीही चमकले होते. ज्या माणसाबरोबर एक दिवस राहिल्या नाहीत, ज्याच्यासाठी तुरुंगात जायला निघाल्या होत्या, त्याच्या नावानं पांढरं नेसल्या. कुणी म्हणेल, शेवटी संस्कार. कुणी म्हणेल, लोकांत काम करायचं तर लोकांची रीत धरावी लागते. मला वाटतं, मनात एकाच वेळी दोन गोष्टी असू शकतात. आपल्याही असतात. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी पार करून त्या गेल्या.

त्यांच्या भांडणातून पुढं काय निघालं? त्या लंडनला शिकत असतानाच, १८९१ मध्ये, संमतीवयाचा कायदा झाला. दहा वर्षांची अट बारावर गेली. आज मुलीच्या लग्नाचं वय अठरा आहे. नांदायला न गेलेल्या बाईला तुरुंगात टाकायची शिक्षा १९२३ मध्ये निघाली. नांदायला येण्याचा दावा आजही कोर्टात लावता येतो, पण त्यासाठी बाईला तुरुंग नाही.

मालमत्तेचं म्हणाल तर हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यानं लेकीला बापाच्या मालमत्तेत वारस केलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मापासून हक्क आपल्या महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या होत्या. २००५ मध्ये तो हक्क सगळ्या देशात, लग्न झालेल्या लेकींनासुद्धा मिळाला. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी लेकीचा हक्क जात नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. आणि जयंतीबाईसारखी विधवा? नवऱ्याच्या मालमत्तेतला तिच्या वाट्याला आलेला हिस्सा, तिनं दुसरं लग्न केलं म्हणून आज कुणी काढून घेऊ शकत नाही.

आता पुन्हा माझ्या आत्याकडं येते. सही केल्यावर काही वर्षांनी आत्याचे यजमान आजारी पडले. दवाखान्याला पैसे हवे होते. आत्या भावाकडं आली. भावानं दिले, नाही म्हटलं नाही. पण देताना म्हणाला, "बघ, सारखं सारखं जमायचं नाही." आत्या पदरानं डोळे पुसत गेली. दोन एकर जमीन जिची होती, ती पाच हजारांसाठी उंबऱ्यावर बसली होती. तो भाऊ म्हणजे माझे वडील. ते वाईट माणूस नव्हते. बहिणीवर त्यांचं प्रेम होतं. पण हक्क गेला की उरलेल्या प्रेमाला उपकाराचा वास येतो, हे मी त्या दिवशी बघितलं.

म्हणून ही गोष्ट सांगितली. वाटा मागा आणि भावाशी भांडा, असं मी म्हणत नाही. कुणी भावाची खरी अडचण बघून आपखुशीनं सोडत असेल, तर तो तिचा निर्णय. माझं म्हणणं एवढंच, सही करण्याआधी कागद वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या कुणाला सोबत न्या. सातबारावर आपलं नाव आहे का, बघून घ्या. सोडायचं असेल तर काय सोडतोय, ते माहीत असू द्या. आणि ज्यांच्या हातात काही आहे त्यांनी जयंतीबाई आठवावी. लेकीच्या नावावर काही करायचं तर ते वेळ असताना करावं.

पुढच्या बैठकीत दोन प्रश्नांवर बोला. आपल्या गटातल्या किती जणींचं नाव घराच्या किंवा जमिनीच्या कागदावर आहे? आणि आपल्या घरातल्या एखाद्या पोरीनं उद्या नाही म्हटलं, तर तिला कुणी फितवलं ते आपण शोधू, की ती काय म्हणते ते ऐकू?

माझ्या वडिलांच्या पश्चात, गेल्या वर्षी, आम्ही भावंडांनी आत्याच्या नावावर अर्धा एकर केला. भाऊ आधी कुरकुरला, मग तोच तलाठ्याकडं फेऱ्या मारत राहिला. आत्या म्हणाली, "आता या वयात मला काय करायचंय त्याचं?" पण फेरफाराचा कागद तिनं पिशवीत घातला, पिशवी पेटीत ठेवली, आणि पेटीला कुलूप लावलं.